पट्ट्यांच्या शर्टाला लागलेला हात

गेल्या ऑक्टोबरमधला एक शुक्रवार. एरी सरोवरावरून आलेला पाऊस दुपारपासून पिठासारखा भुरभुरत होता. क्लीव्हलंडच्या पश्चिमेकडचं आमचं उपनगर, हायस्कूलचं मैदान, दिव्यांचे उंच खांब, आणि साइडलाइनला हातात नारिंगी काठी धरून उभा असलेला मी. मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळतो आणि मी गेली दोन वर्षं चेनवर असतो.

चेन म्हणजे खरोखरीची साखळी. दहा यार्ड लांब, दोन्ही टोकांना काठ्या. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की नाही अशी शंका आली की साखळी मैदानात न्यायची आणि ताणून बघायची. एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या सामन्यांतसुद्धा परवापरवापर्यंत हेच चालायचं. साखळीला एक क्लिप असते, ती जवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर अडकवायची. मग काठ्या पडल्या, साखळी गोळा झाली, तरी क्लिपवरून सगळं पुन्हा जागच्या जागी लावता येतं. सामन्याआधी आमच्या कडेचे पंच आम्हा तिघाचौघा पालकांना बाजूला घेतात आणि दरवेळी त्याच दोन गोष्टी सांगतात. ओरडायचं नाही, स्वतःच्या मुलासाठीही नाही. आणि खेळाडू अंगावर आले तर काठी तिथेच टाकून मागे व्हायचं.

हे पंच साठीच्या आसपासचे. दिवसा शाळेच्या बस दुरुस्त करतात. कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला काळं राहिलेलं असतं. त्यांच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर साधी टोपी, गळ्यात शिट्टी. मैदानावरच्या बावीस मुलांच्या डोक्यांवर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, दातांत माउथगार्ड. आणि त्यांच्या मधोमध हा माणूस, कापडाच्या शर्टात.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचा एक धावपटू चेंडू घेऊन आमच्या बाजूने सुटला. आमच्या दोघांनी त्याला कडेला गाठलं आणि तिघंही गडगडत रेषेबाहेर आले. आम्ही काठ्या टाकल्या, मागे झालो. पंच मागे झाले नाहीत, कारण त्यांची नजर धावणाऱ्याच्या पायांवर होती. पाय रेषेला नेमका कुठे लागला हे बघणं त्यांचं काम. ते बघता बघताच तिघांनी त्यांना उचलून आपटलं. मी चार पावलांवर होतो. शिट्टी त्यांच्या तोंडातच होती आणि पडता पडता वाजली. एक मुलगा, शंभर किलोचा तरी असेल, त्यांच्याबरोबरच खाली आला. आणि पडताना त्याने स्वतःचा हात त्यांच्या डोक्यामागे घातला. झेल पकडावा तसं डोकं त्याच्या हातमोज्यात आलं. मग तो उठला, त्यांना बगलेत धरून उभं केलं, टोपी उचलून दिली. नियमभंग काहीच नव्हता. खेळ पुढे सुरू.

दहाएक मिनिटांनी चेंडू कुठे ठेवायचा यावरून आमचा लाइनबॅकर, म्हणजे बचाव करणारा एक खेळाडू, चिडला. सतरा वर्षांचा मुलगा, माझ्या मुलाचा जिवलग मित्र, आमच्या घरी पोहे आवडीने खाणारा. चेंडू अर्धा यार्ड पुढे ठेवला असं त्याचं म्हणणं. पंचांनी तळवा पुढे करून त्याला मागे जायला खुणावलं. त्याने तो तळवा स्वतःच्या हाताने बाजूला सारला. एवढंच. गर्दीच्या लोकलमध्ये आपण पुढच्याचा हात सारतो त्याहूनही हलका. नियमभंगाची खूण म्हणून पंचांचा पिवळा फ्लॅग वर उडाला आणि ओल्या गवतावर पडला. पंधरा यार्डांचा दंड, आणि मुलगा सामन्यातून बाहेर.

त्या रात्री त्याला घरी सोडायला मीच गेलो, त्याची आई रात्रपाळीला होती. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या सीटवरून तो म्हणाला, "मी नुसता हात लावला. नुसता हात." माझा मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

नियम त्याच्या विरुद्ध होता आणि नियम बरोबर होता, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. हायस्कूल असो, कॉलेज असो की एनएफएल, पंचाला मुद्दाम हात लावला की खेळाडू बाहेर. चुकून आदळणं गुन्हा नाही, मग हाडं मोडली तरी. या खेळात पंचांना हात लागतच असतात. खेळाडू त्यांच्या हातात चेंडू देतात, ढिगाऱ्याखालून पंच त्यांना ओढून काढतात, सामन्यानंतर खांद्यावर थाप पडते. नियम स्पर्शाबद्दल नाही. त्या हातामागे काय आहे याबद्दल आहे, आणि ते एका क्षणात ओळखायचं काम पुन्हा त्याच कापडी शर्टातल्या माणसाचं. पण त्या मुलाचं "नुसता हात" मला झोपू देईना, कारण ते ऐकताना मला पंचवीस वर्षांपूर्वीचा एक हात आठवत होता.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मी क्लीव्हलंडला आलो. हे शहर तेव्हा वेगळ्याच आनंदात होतं. त्यांचा ब्राउन्स संघ १९९५ च्या मोसमानंतर मालकाने बाल्टिमोरला नेला होता, तीन मोसम शहर संघाविना राहिलं, आणि आता त्याच नावाचा नवा संघ, नव्या स्टेडियममध्ये. संघ हरत होता, मोसमात सोळांपैकी दोनच सामने जिंकला, तरी लोक खूश होते. १९ डिसेंबरला जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्धचा सामना मी खोलीवरच्या मित्रांबरोबर टीव्हीवर बघत होतो. नियम कळत नव्हते. थंडी होती, बाहेर जायला गाडी नव्हती, म्हणून बघत होतो.

मला दिसलं ते असं. एक अवाढव्य खेळाडू डोळ्यावर हात धरून मैदानाबाहेर निघाला, थबकला, वळला, परत आत आला आणि पांढऱ्या टोपीच्या मुख्य पंचाला दोन्ही हातांनी ढकललं. पंच पाठीवर पडला. सगळ्यांनी मिळून त्या खेळाडूला आवरलं. आमच्या खोलीत शांतता झाली. मी मराठीत म्हणालो, "पंचावर हात टाकला!"

मी कोल्हापूरचा. लहानपणी आजोबा मला खासबागला कुस्त्या बघायला न्यायचे. तिथल्या गर्दीचा आवाज, लाल मातीचा वास, ताक-हळद-तेल मुरलेली ती माती अंगावर घेऊन उभे राहणारे मल्ल. आणि मध्ये पंच, डोक्याला फेटा. पंच कुस्ती सोडवताना मल्लाच्या पाठीवर थाप मारत, दंडाला धरून मधोमध आणत, आणि दीडशे किलोचा गडी त्या थापेसरशी पाव्हण्यासारखा ऐकायचा. आजोबा म्हणायचे, "पंचाचा हात लागला की पैलवानानं पाणी व्हायचं." हे डोक्यात घेऊन मी तो सामना बघत होतो. ज्याने पंचाला पाडलं तो माझ्या लेखी संपला होता. त्याला बेमुदत निलंबित केल्याची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं.

त्याचं नाव ऑर्लँडो ब्राउन, ब्राउन्सचाच खेळाडू. टोपणनाव झ्यूस. उंची सहा फूट सात इंच, वजन एकशेसाठ किलोच्या आसपास. पंच जेफ ट्रिप्लेट. काय घडलं होतं ते मला पुढच्या काही दिवसांत पेपरांतून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. चेंडू सुटायच्या आधी कुणीतरी हललं होतं. या खेळातला अगदी रोजचा, किरकोळ नियमभंग. ट्रिप्लेट यांनी फ्लॅग फेकला. फ्लॅग म्हणजे पिवळा रुमाल, पण नुसता रुमाल हवेत जात नाही, म्हणून त्याच्या एका टोकाला वजन बांधलेलं असतं. ट्रिप्लेट यांच्या फ्लॅगमध्ये छर्रे होते, धातूच्या बारीक गोळ्या. तो फ्लॅग हेल्मेटच्या जाळीतून, गजांच्या मधल्या फटीतून, नेमका आत गेला आणि ब्राउनच्या उजव्या डोळ्यावर बसला. कुणी नेम धरून फेकला असता तरी बसला नसता. ट्रिप्लेट यांनी लगेच माफी मागितली होती.

आणि दुसरी गोष्ट, जी वाचून मी पेपर खाली ठेवला. ब्राउनचे वडील काचबिंदूने आंधळे झाले होते. त्याने ते घरात बघितलं होतं. म्हणजे डोळ्यावर तो घाव बसला, समोरचं दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. माणूस बाहेर निघाला होता. नियमाप्रमाणे, शिस्तीप्रमाणे, उपचाराकडे निघाला होता. मग वळला. त्या वळण्यात राग होताच, पण मला आता वाटतं की त्या रागाच्या आत भीती होती, आणि ती लहान मुलाची भीती होती.

तरीही धक्का तो धक्काच. मी हे लिहिताना डळमळत नाही. बाहेर काढणं योग्यच होतं. पण निलंबन पुढे मागे घेण्यात आलं, कारण दुखापत किती खोल आहे हे उघड झालं, आणि ते मागे घेणंही योग्यच होतं. ब्राउन १९९९ नंतर तीन मोसम खेळू शकला नाही. ब्राउन्सने त्याला सोडून दिलं. त्याने लीगवर वीस कोटी डॉलरचा दावा लावला. २००२ मध्ये तडजोड झाली. रक्कम दीड ते अडीच कोटी डॉलरच्या मध्ये असल्याच्या बातम्या होत्या. २००३ मध्ये तो बाल्टिमोर रेव्हन्सकडून पुन्हा उभा राहिला आणि २००५ पर्यंत खेळला. त्या एका दुपारनंतर पंचांच्या फ्लॅगमधले छर्रे गेले. २०११ च्या सप्टेंबरमध्ये ब्राउन मधुमेहाने गेला, वय अवघं चाळीस.

ट्रिप्लेट यांनी त्यानंतरही अनेक वर्षं पंचगिरी केली. त्यांच्याविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. फ्लॅग फेकणं हे त्यांचं कामच होतं.

मला इथे वेगळंच टोचतं. पंचाला हात लावू नये, हा नियम आपण एका बाजूनेच वाचतो. पंच खेळाडूला लागला, त्याच्या वस्तूने खेळाडू जखमी झाला, तर त्याला नियमाच्या पुस्तकात जागाच नाही. ८ नोव्हेंबर २०२१ ला पिट्सबर्गमध्ये असंच एक दृश्य साऱ्या देशाने पाहिलं. शिकागो बेअर्सचा कॅशियस मार्श समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, पाडून आनंदात उडी मारतो, समोरच्या बाकाकडे रोखून बघतो, आणि परत जाताना मुख्य पंच टोनी कोरेंटे यांच्या जवळून जातो. चित्रफितीत कोरेंटे यांचा कमरेचा भाग बाहेर येऊन त्याला लागताना दिसतो आणि त्याच ओघात फ्लॅग निघतो. कोरेंटे यांनी नंतर सांगितलं की दंड विरोधी संघाला डिवचल्याबद्दल होता, त्या स्पर्शाचा त्याच्याशी संबंध नव्हता. असेलही. त्यांच्या मनात शिरायचा मला अधिकार नाही. पण ते पंधरा यार्ड पिट्सबर्गच्या स्टीलर्सना मिळाले, त्यांची चाल जिवंत राहिली, त्यातून तीन गुण आले, आणि बेअर्स २९-२७ असे दोन गुणांनी हरले. मी ती फीत किती वेळा बघितली असेल याची गणती नाही. खेळाडूने कंबर तशी बाहेर काढली असती तर? तो बाहेर गेला असता, आणि त्याचं स्पष्टीकरण ऐकायला कुणी थांबलं नसतं.

मग वाटतं, फरक असायलाच हवा. कारण पंचाच्या अंगावर कवच नाही.

एनएफएलमध्ये सात पंच असतात. त्यांतला अंपायर पूर्वी बचावफळीच्या मागे उभा राहायचा, जिथे सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात जास्त वेगाने धडकतात तिथे. दोन्ही बाजूंचे भले थोरले खेळाडू एकमेकांकडे बघत धावत, आणि अंपायर आडवा पडे. हल्ला करणारे त्याचा आडोसा म्हणूनही उपयोग करत, म्हणजे बचाव करणाऱ्याला त्याच्यावर नेऊन आदळायचं. इतक्या दुखापती झाल्या की २०१० मध्ये लीगने अंपायरला उचलून हल्ला करणाऱ्या संघाच्या मागे नेऊन उभं केलं. कॉलेजमध्ये तो अजून जुन्याच जागी असतो. ही जागा बदलण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुणाचा दोष नव्हता, कुणाला दंड नव्हता, फक्त माणसाला मार बसू नये म्हणून जागा बदलली.

पण वाईट हेतूचा हात आला की जागा बदलून भागत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये टेक्ससमध्ये हायस्कूलच्या सामन्यात दोन मुलांनी पाठमोऱ्या पंचावर हल्ला केला. एकाने मागून धडक मारली आणि खाली पडलेल्या माणसावर दुसऱ्याने हेल्मेटसकट उडी घेतली. पुढे एका सहायक प्रशिक्षकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. मुलं चिडतात, त्या चिडीला दिशा देणारा हात मोठ्यांचा असतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये टेक्ससमध्येच, एडिनबर्ग गावच्या शाळेच्या एका खेळाडूला बाहेर काढलं तेव्हा तो बाकावरून धावत परत आला आणि त्याने मुख्य पंचाला जमिनीवर आपटलं. त्याचा संघ सामना जिंकला. शाळेच्या मंडळाने दुसऱ्या दिवशी संपूर्ण संघच बाद फेरीतून मागे घेतला. बाकीच्या मुलांचा काय दोष, असं माझी बायको म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही, पण मी त्या मंडळात असतो तर तेच केलं असतं.

सगळ्याच हातांना एक माप लावता येत नाही, हेही तितकंच खरं. १९ ऑक्टोबर २०१७, ओकलंड. रेडर्सचा मार्शन लिंच त्या क्षणी खेळतही नव्हता, बाकावर होता. कॅन्सस सिटीच्या मार्कस पीटर्सने रेडर्सच्या क्वार्टरबॅकला उशिरा धडक दिली, झोंबाझोंबी सुरू झाली, आणि लिंच धावत आत गेला. स्वतःच्या संघाच्या बाजूने नाही, तर पीटर्सला वाचवायला, कारण दोघंही ओकलंडचे, जुने दोस्त. त्या गोंधळात मध्ये आलेल्या पंचाला त्याने धरून ढकललं. बाहेर गेला आणि एका सामन्याला मुकला. कुणाला तरी वाचवायला गेलेला हातच पंचावर पडला. मी निकाल देणारा असतो तर शिक्षा हीच दिली असती. देताना वाईट वाटलं असतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत मल्लाने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पाठ टेकली की नाही, हा वाद. त्याला तीन वर्षांची बंदी झाली. कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बघितलंस का? आजोबा असते तर उठून गेले असते." मी म्हणालो, उठून गेले असते हे खरं. पण पाठ खरंच टेकली होती का, हे पुन्हा बघायला काय हरकत होती, असंही त्यांनी विचारलं असतं. भाऊ गप्प झाला. आजोबा दोन्ही म्हणाले असते, याची मला खात्री आहे. पंचाचा मान त्यांना जितका कळायचा तितकीच पैलवानाची सहा महिन्यांची मेहनतही.

ऑर्लँडो ब्राउनचा मुलगा, ऑर्लँडो ब्राउन ज्युनिअर, त्या डिसेंबरच्या दुपारी तीन वर्षांचा होता. तोही पुढे एनएफएलमध्ये आला, बापाच्याच रेव्हन्सकडून, बापाचाच ७८ नंबर घालून. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅन्सस सिटीकडून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. कॅमेरा कधी त्याच्यावर आला की मी बघतो, दोन चालींच्या मध्ये तो पंचांच्या बाजूने जातो तेव्हा हात कुठे असतात. हात खाली असतात. मी उगाचच बघतो.

ऑक्टोबरमधल्या त्या सामन्यानंतर तीन आठवड्यांनी तेच पंच पुन्हा आमच्या मैदानावर होते. सामना संपला, मुलं बसकडे गेली. आम्ही साखळी पुसून गुंडाळत होतो. पंच बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते, शेजारी फ्लॅग ठेवलेला. त्या दिवशी पडले होते त्या बाजूचा खांदा अजून वर होत नाही, असं ते म्हणाले. मी विचारलं, फ्लॅग बघू का? त्यांनी दिला. पिवळं नायलॉनचं कापड, गवताने कडा हिरवट झालेली. एका टोकाला लिंबाएवढी गाठ, आत वाळू, वरून रबर आवळलेलं. भिजल्यामुळे जड झाला होता.

"पावसात लांब जातो," ते म्हणाले.

त्यांनी मान वळवली तेव्हा मी डोळे मिटले आणि ती गाठ उजव्या पापणीवर टेकवली. गार होती. थोडी दाबली. मिटलेल्या डोळ्यात आधी लाल, मग जांभळं, मग काहीच नाही. कुणीतरी मैदानाचे दिवे बंद करायला सुरुवात केली होती, एकेक खांब. मी फ्लॅग त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो घडी करून पँटच्या मागच्या खिशात खोचला आणि साखळीचं दुसरं टोक धरायला माझ्याबरोबर आले.